झाकणातलं कार्ड

"चालू कर," निनाद म्हणाला.

मी झाकणात बघितलं. माझ्याच जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण, सकाळी घासून आणलेलं. त्यात एकच कार्ड उरलं होतं. तन्मय घागचं. कार्डावरच्या फोटोत तो दात काढून हसत होता.

"तन्मय कुठंय?"

"असेल इकडंतिकडं. त्याचं काम झालंय. तू चालू कर."

"झालंय असं तो म्हणाला?"

"पद्मजा, मी म्हणतोय ना!"

शनिवार होता. दुपारचे तीन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर रक्तपेढ्यांसाठी होतं. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठलीची तपासणी झाली, कुठली कुणाला दिली, अशी सगळी नोंद त्यात व्हायची. त्या दिवशी जुना सर्व्हर सोडून आम्ही नव्यावर मुक्काम हलवत होतो, म्हणून दोन वाजल्यापासून सगळं बंद होतं. राज्यभरातल्या सदतीस रक्तपेढ्या कागदावर नोंदी करत वाट बघत होत्या. ते पुन्हा सुरू करायची ओळ माझ्यासमोर टाइप होऊन तयार होती. एंटर दाबलं की झालं. आणि मी ते दाबत नव्हते.

मला त्या कंपनीत साडेपाच महिने झाले होते. मी अजून कायम झाले नव्हते. निनाद सोहोनी माझा टीम लीड, आणि मला कायम करायचं की नारळ द्यायचा हे त्याच्या शिफारशीवर सोमवारी ठरणार होतं.

"तो स्वतः येऊन सांगू दे," मी म्हटलं. "मग लगेच करते."

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. पण निनादच्या कपाळावर तेव्हा उमटलेली आठी मला आजही जशीच्या तशी दिसते.

मी मूळची कवठेमहांकाळ तालुक्यातली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि सहा वर्षं वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून काढली. ठेकेदाराची माणूस. अकरा महिने भरले की आठवडाभर घरी बसायचं आणि परत नव्या कागदावर सही करायची. सहा वर्षांत एकदाही मी 'माझी नोकरी' असं म्हटलं नाही, 'सध्याची नोकरी' म्हणायचे. तिथं कासमभाई मुजावर नावाचे बुजुर्ग ऑपरेटर होते. पहिला महिनाभर त्यांनी मला ब्रेकरला हात लावू दिला नाही. दर तासाला मीटरवरचे आकडे लॉगशीटवर उतरवायचे, बस्स.

"आकडं नुसतं लिव्हू नको बाई, वाच," ते म्हणायचे. "लाइन बंद पडायच्या आधी बोलत असतीया. आपल्याला ऐकू येत न्हाई एवढंच."

आणि दुसरी गोष्ट परमिटची. वायरमनला लाइनवर चढायचं असेल तर तो आधी आमच्याकडून परमिट घ्यायचा. आम्ही लाइन बंद करायची, वहीत लिहायचं, त्याची सही घ्यायची. काम संपलं की त्यानंच परत येऊन, नाहीतर स्वतःच्या तोंडानं फोनवर सांगून ते परमिट परत करायचं. त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालायचं नाही. साहेबानं सांगितलेलंही नाही.

लग्न होऊन भोसरीला आले, तेव्हा बत्तिसावं लागलं होतं. सुकुमार, म्हणजे माझा नवरा, एका कारखान्यात मशीन शॉपला होता. त्याच्याच एका मित्रानं डेव्हऑप्सचं सांगितलं. सॉफ्टवेअर लिहिणारे लिहितात. ते सर्व्हरवर चढवायचं, चालतं ठेवायचं, आडवं झालं तर उभं करायचं, आणि तेच काम रोज हातानं करावं लागू नये म्हणून त्याच्या स्क्रिप्ट लिहायच्या. मला वाटलं, हे तर उपकेंद्रच आहे, फक्त ट्रान्सफॉर्मर गुणगुणत नाहीत.

वाटणं सोपं होतं. चिंचवडच्या क्लासमध्ये माझ्याशेजारी बसणारी पोरं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांना आठवड्याला एक नवं टूल हवं असायचं, नावं तर अशी फेकायची की माझी छातीच दडपायची. मी मात्र महिनाभर लिनक्सच्या फायली, परवानग्या आणि लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतःच लिहीत राहतो त्या नोंदी, यांतच रुतून बसलेली. दोनशे पानी वही घेतली होती. त्यात डाव्या पानावर कमांड आणि उजव्या पानावर ती चुकली तर काय बिघडेल ते. उजवं पान भरल्याशिवाय डाव्या पानावरची कमांड चालवायची नाही, हा माझा मलाच घातलेला नियम. सर म्हणाले, "मॅडम, अशानं कोर्स पुढच्या जन्मी संपेल." मी म्हटलं, "चालेल, पण तेव्हा परत पहिल्यापासून नको."

मुलाखतीत मालकीणबाईंनी, डॉक्टर बावडेकर मॅडमनी, एकच प्रश्न विचारला होता. सर्व्हर बंद पडला तर पहिलं काय करशील? बाकीच्यांनी 'रीस्टार्ट' सांगितलं असावं. मी म्हटलं, "आधी लॉग वाचेन. का पडला ते न बघता उभा केला, तर परत पडेल आणि या वेळी जास्त जोरात पडेल." मॅडमनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "हे कुठं शिकलीस?" मी म्हटलं, "तेहेतीस केव्हीच्या उपकेंद्रात." त्या हसल्या नाहीत. सहा महिने बघू म्हणाल्या.

ते सहा महिने सरळ गेले असं नाही. दुसऱ्याच महिन्यात मी रोजच्या बॅकअपची स्क्रिप्ट लिहिली, पहाटे दोनला चालेल अशी, आणि आठ दिवस स्वतःच्या पाठीवर थाप मारत फिरले. प्रत्यक्षात बॅकअप चालत होता सकाळी साडेसातला, रक्तपेढ्या उघडून गर्दी व्हायच्या वेळेस. सर्व्हरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. हे तन्मयनं शोधून दिलं. तन्मय म्हणजे चिपळूणचा, पंचविशीचा, आमचा डेटाबेस सांभाळणारा. चिडवून चिडवून जीव नकोसा केला त्यानं, पण वर जाऊन कुणाला सांगितलं नाही. मी स्वतःच निनादला जाऊन सांगितलं. निनाद म्हणाला, "हे अगदी बेसिक आहे, पद्मजा." बरोबरच होतं त्याचं. मी रात्री वहीचं उजवं पान भरलं.

कमांड चालवायच्या आधी बोट ठेवून मोठ्यानं वाचायची माझी सवय होती. तन्मय म्हणायचा, "ताईंची पूजा सुरू झाली, कुणी शिंकू नका." आणि या सर्व्हर हलवण्याच्या कामाच्या आदल्या दिवशी मी जेव्हा म्हटलं, की ज्याचं काम सुरू होईल त्यानं आपलं ओळखपत्र माझ्यापाशी ठेवायचं आणि संपलं की स्वतः येऊन सांगून न्यायचं, तेव्हा तर सगळ्यांच्या चेष्टेला ऊतच आला. ठेवायला दुसरं काही नव्हतं म्हणून डब्याचं झाकण. निनाद म्हणाला, "बरं, हौस असेल तर करू." हौस हा शब्द मला लागला, पण हो म्हणाला हेच पुष्कळ होतं.

तर ते झाकण, त्यातलं ते कार्ड, आणि तीन चाळीस.

तन्मयचा फोन लावला. तो त्याच्याच टेबलावर चार्जिंगला लावलेला, तिथं थरथरत बसला. निनाद कँटीनच्या कोपऱ्यात बघून आला, जिन्यात हाक मारून आला. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. सोलापूरकडच्या एका रक्तपेढीतून कुणी बाई बोलत होत्या.

"अहो मॅडम, पावणेचारला चालू होणार म्हणालात. इथं नातेवाईक उभे आहेत."

"कागदावर नोंद करून पिशवी द्या ताई, सकाळी कळवल्याप्रमाणं. कुणाला थांबवू नका. नोंदी आम्ही नंतर चढवून घेतो."

"पण किती वेळ?"

"एक माणूस यायचाय," मी म्हटलं. माझ्या तोंडून जे खरं होतं तेच निघालं.

निनादनं डोक्याला हात लावला. "एक माणूस यायचाय? हे सांगतात क्लायंटला?"

अजून दोन फोन आले. मग चौथा. निनादचा आवाज चढला नाही, तो तसा सभ्य माणूस, पण त्याच्या मानेवर लाली चढली. "लॉग बघ. जुना डेटा चढवायचं तन्मयचं लोडिंग तीन पस्तीसला संपलंय. दिसतंय की नाही?"

"दिसतंय."

"मग?"

"तो सांगेल तेव्हा."

"सरक," तो म्हणाला, आणि माझ्या खुर्चीवरून वाकून त्यानं कीबोर्डकडे हात नेला.

मी सरकले. खरंच सरकले. त्याचा हक्क होता, मी कोण अडवणार? मी फक्त वही पुढं ओढली, पेन उघडलं आणि म्हटलं, "दाबा सर. वेळ तीन एक्कावन्न. चालू करणार, निनाद सोहोनी. परमिट बाकी, तन्मय घाग. एवढं लिहिते आणि तुमची सही घेते. आमच्या उपकेंद्रात जो चालू करतो त्याची सही लागते."

त्याचं बोट एंटरच्या वर तसंच राहिलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, वहीकडेच बघत होते. सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांनी सोललेली माणूस मी. आता कुठं एका नोकरीला 'माझी' म्हणायची वेळ आली होती, आणि मी ती स्वतःच्या हातानं घालवत होते हे मला चांगलं समजत होतं. निनादनं हात मागं घेतला. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

बरोबर चार वाजता दार धाडकन उघडलं. पुढं तन्मय, मागं इमारतीचा नवा रखवालदार. तन्मयच्या शर्टावर मिसळीची तर्री सांडलेली.

"कार्ड!" तो ओरडला. "ताई, माझं कार्ड तुमच्या झाकणात! खाली हा मला वर सोडेना. बारा मिनिटं भांडतोय मी याच्याशी!"

"कार्डाशिवाय सोडायचं नाही असा आदेश आहे," रखवालदार ठासून म्हणाला.

तिथल्या तिथं जमीन दुभंगती तर बरं झालं असतं. कार्ड घेऊन ठेवायची अक्कल माझी, आणि कार्डाशिवाय माणूस वर येणार कसा हे मला सुचलंच नव्हतं. उपकेंद्राला कुठलं दार आणि कुठलं कार्ड? कंपाउंडचं फाटक सदा उघडं. पण ते लाजणं नंतर करता येण्यासारखं होतं.

"तन्मय, तुझं काम संपलं?"

"अहो, केव्हाच! तीन पस्तीसला. भूक लागली म्हणून तसाच खाली गेलो."

"तसं नको. नीट सांग. नव्या सर्व्हरवर तुझं काही चालू आहे?"

"नाही."

"आणखी काही करायचं मनात आहे?"

तो थांबला. चिडवायच्या बेतात होता, पण माझा चेहरा बघून त्यानं चिडवलं नाही. "नाही ताई. काही नाही. संपलंय."

मी कार्ड त्याच्या हातात दिलं. वहीत वेळ लिहिली, त्याची सही घेतली. कमांडवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली आणि एंटर दाबलं. पडद्यावर एकेक रक्तपेढी हिरवी होत गेली. सदतीसच्या सदतीस. कुठं काही अडलं नाही, कुठं काही चुकलं नव्हतं. मी तीन अडतीसला दाबलं असतं तरी हेच झालं असतं.

निनाद एवढंच म्हणाला, "बावीस मिनिटं, पद्मजा. सोमवारी मॅडमसमोर बोलू."

रविवारी सुकुमारनं सगळं ऐकून घेतलं. मी पोळ्या लाटत होते आणि तो दारात उभा होता.

"तू बरोबर हाईस," तो म्हणाला. "पण त्यांना बरोबर माणूस नको आसतंय, ऐकणारं पाहिजे आसतंय. उद्या म्हण, चुकलं, यापुढं लवचीक राहीन. एवढं एक वाक्य. कायमचं पत्र हातात पडू दे, मग बघ काय करायचं ते."

"आणि परत तसं झालं तर?"

"तवाचं तवा."

"अहो, तेव्हा मग माझ्यानं दाबलं जाईल. तेच नको आहे मला."

त्यानं तव्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "ती करपाय लागली बघ." पोळी खरंच करपत होती.

त्या वाक्याचा मी रात्रभर सराव केला, खोटं कशाला बोलू. चुकलं मॅडम, यापुढं लवचीक राहीन. सोमवारी सकाळी बसमध्येसुद्धा ते तोंडात घोळत होतं.

बावडेकर मॅडम तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. तीस वर्षं रक्तपेढी चालवून मग त्यांनी ही कंपनी काढली होती. दाढेत कायम लवंग धरायच्या, त्यामुळं खोलीत शिरलं की आधी वास यायचा. टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला निनाद, तन्मय आणि मी. निनादनं अहवाल वाचला. त्यानं अन्याय केला नाही. माझ्या स्क्रिप्ट नीट चालल्या, सर्व्हर हलवताना एक नोंद हरवली नाही, हे त्यानं आधी सांगितलं. मग बावीस मिनिटं सांगितली. त्यातली बारा रखवालदाराशी भांडणात गेली आणि ते भांडण कार्डाच्या नियमामुळं झालं, हेही सांगितलं. शिफारस, अजून तीन महिने बघू.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्या बावीस मिनिटांत काय सापडलं?"

"काही नाही, मॅडम."

"तन्मयचं काम झालेलं होतं?"

"हो. तीन पस्तीसला. लॉगमध्ये दिसत होतं."

"दिसत होतं, तर थांबलीस कशाला?"

"लॉगमध्ये झालेलं दिसतं, मॅडम. माणसाच्या मनात अजून काय करायचं राहिलंय ते दिसत नाही. तो खाऊन येऊन आणखी एखादी दुरुस्ती करणार असता, तर लॉगनं मला सांगितलं नसतं."

"आणि कार्ड?"

"ती चूक माझीच. मी दाराचा विचारच केला नाही."

"परत असा प्रसंग आला तर काय करशील?"

हीच जागा होती. वाक्य ओठांवर तयार होतं, रात्रभर घोटलेलं. निनाद माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटतं, त्यालाही मी ते म्हणावं असंच वाटत होतं, म्हणजे सगळ्यांचीच सुटका झाली असती.

"परत थांबेन," मी म्हटलं.

मॅडमनी लवंग एका दाढेतून दुसऱ्या दाढेत घेतली.

"मॅडम, मी बोलू का?" तन्मय म्हणाला.

तो उभाच राहिला, शाळेत उभं राहतात तसा. एरवी त्याची जीभ कशी सुटायची, पण तेव्हा त्याला शब्द जमवायला वेळ लागला.

"गेल्या दिवाळीच्या आधी चौऱ्याण्णव पिशव्यांची नोंद दोनदा झाली होती. आठवतं तुम्हाला? ते निस्तरायला चार दिवस लागले. माझ्या नावावर पत्र निघालं. मला कायम करायचं तीन महिने पुढं गेलं."

"आठवतं. तू काम संपल्याचं चुकीचं कळवलंस म्हणून."

"मी कळवलंच नव्हतं, मॅडम. माझं चालू होतं अजून. मी पाच मिनिटं आईच्या फोनवर बाहेर होतो. परत आलो तर सगळं सुरू झालेलं. मला कुणी विचारलंच नाही." त्यानं टेबलाची कड धरली. "मी तेव्हा बोललो नाही. नवीन होतो. वाटलं, बोललो तर नोकरीही जाईल. परवा खाली त्या माणसाशी भांडताना मला वाटत होतं, आता वर गेलो की सुरू झालेलं असणार, आणि काही राहिलं असलं तर परत माझ्याच गळ्यात. वर आलो तर ताई झाकण घेऊन बसल्या होत्या."

मी तन्मयकडे बघतच राहिले. साडेपाच महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून माझ्या वहीची टिंगल करत होता, आणि हे त्याच्या पोटात होतं, मला कधी कळलं नाही.

मॅडमनी निनादकडे मान वळवली. "दिवाळीत चालू कुणी केलं होतं?"

निनादनं पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"मी," तो म्हणाला. "लोडिंग संपलेलं दिसलं. मला वाटलं, झालं असेल." मग म्हणाला, "मी विचारायला हवं होतं. आणि पत्र निघालं तेव्हा बोलायलाही हवं होतं."

एवढं मोठ्यानं म्हणायला छाती लागते. त्या दिवसापासून निनादबद्दल माझ्या मनात अढी राहिली नाही.

मॅडमनी अहवालाचे कागद एकावर एक रचले. "वॉर्डात पिशवी चढवायच्या आधी आमच्या दोघी-दोघी नर्स नंबर मोठ्यानं वाचायच्या," त्या म्हणाल्या. "एकीनं पिशवीवरचा, दुसरीनं कागदावरचा. वर्षंच्या वर्षं काही सापडायचं नाही. म्हणून मी कुणाला विचारलं नाही, की बाई, तुझा वेळ का फुकट घालवलास." मग निनादला म्हणाल्या, "अजून तीन महिने कशासाठी लिहिलेत?"

"मी शिफारस बदलतो, मॅडम."

"बदला. तन्मयचं ते पत्रही फायलीतून काढा आणि का काढलं ते लिहून ठेवा. आणि पद्मजा, कार्ड ठेवू नकोस. पत्र्याचे बिल्ले करून घे, नावं घालून. झाकण बदल. नियम राहू दे."

पत्र संध्याकाळी हातात पडलं. चार ओळींचं होतं, त्यातली मला एकच दिसत होती. 'कायमस्वरूपी' असा शब्द माझ्या नावापुढं छापलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता. आज माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. नवीन आलेल्याला मी पहिला महिना कुठलंही मोठं टूल देत नाही. लॉग वाचायला बसवते आणि कोरी वही देते. माघारी ते मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, म्हणू देत.

पण त्या सोमवारचं मला पत्रापेक्षा जास्त आठवतं ते वेगळंच. मॅडमच्या खोलीतून आम्ही बाहेर आलो. निनाद पुढं निघून गेला. तन्मय माझ्याबरोबर पाण्याच्या यंत्रापर्यंत आला आणि उगाच ग्लास विसळत उभा राहिला. मला वाटलं, आता बिल्ल्यांवरून काहीतरी चिडवणार.

"ताई," तो म्हणाला, "पुढच्या वेळी माझा फोन लागला नाही, मी कुठं अडकलो, कुणालाच सापडलो नाही, आणि वरून सगळे तुमच्या डोक्यावर बसले... तरी थांबाल?"

पंचविशीचा हुशार मुलगा. तीन भाषांत कोड लिहिणारा, मला घड्याळ शिकवणारा. असं विचारायची त्याच्यावर पाळी यावी याचं मला इतकं वाईट वाटलं, आणि त्यानं ते मला विचारावं याचा इतका अभिमान, की मी त्याच्या हातातला ग्लासच काढून घेतला.

"थांबेन," मी म्हटलं. "तू येईपर्यंत."